१८ जण, तीन विमानं आणि ‘सगळे एकत्रच’चा हट्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचा १८ जणांचा गट, बहुतेक बँकेतून निवृत्त झालेले मित्र आणि त्यांच्या सौभाग्यवती, निम्मे पासष्टीच्या पुढचे. जूनमध्ये अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघायला निघालेत. कोल्हापूरहून बसने मुंबई, तिथून फ्रँकफर्ट, मग शिकागो, मग सॉल्ट लेक सिटी. सगळं एकाच तिकिटावर. शिकागोत मध्ये २ तास १० मिनिटं. तिघींना व्हीलचेअर लागते. विचारलंय की एवढा वेळ पुरेल का, मधलं विमान चुकलं तर सगळ्यांना एकत्र कसं ठेवायचं, आणि वयस्कर मंडळींनी हा प्रवास सोसायचा कसा.

मी टूर लीडर म्हणून बरीच वर्षं असे गट नेतोय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. विमान चुकलं तर सगळ्यांना एकत्र ठेवायचं नाही. तुमच्या प्रवासाची वाट विमान कंपनी लावेल त्याआधी ‘सगळे एकत्रच जाणार’ हा हट्ट लावेल.

जूनमध्ये अमेरिकेतली विमानं तुडुंब असतात. एक विमान रद्द झालं की त्यातले दीडशे-दोनशे लोक पुढच्या विमानांतल्या उरल्यासुरल्या सीटांवर तुटून पडतात. कुठे २ सीट, कुठे ५. एका विमानात १८ सीट मोकळ्या मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. कंपनीचा संगणक नव्या सीटा देतो त्या पीएनआरनुसार. एका पीएनआरवर १८ नावं असली तर तो १८ जणांची जागा शोधत बसतो, ती मिळत नाही, आणि तुम्ही शेवटी काउंटरच्या रांगेत माणसाच्या भरवशावर उरता.

अमेरिकेतल्याच एका मोठ्या विमानतळावर घडलेला प्रसंग सांगतो. वादळामुळे रात्रीचं शेवटचं विमान रद्द झालं. तासाभराने आमचा नंबर लागला. काउंटरवरच्या बाईंनी पडद्यावरून नजर न हलवता सांगितलं, पहाटेच्या विमानात ६ सीट आहेत, नावं द्या. मी मागे वळून ६ नावं वाचली. लगेच एका काकांनी विचारलं, “आणि बाकीचे?” एका वहिनींनी जाऊबाईंचा हात धरला, “आम्ही दोघी वेगळ्या जाणार नाही.” तिसऱ्याने सुचवलं की आधी मॅनेजरला बोलवायला सांगा. हे सगळं फार तर ३ मिनिटं चाललं असेल. बाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आता २ आहेत. बाकीच्या चार सीटा शेजारच्या काउंटरवर उभ्या असलेल्या एका चौकोनी कुटुंबाने घेतल्या होत्या. त्यांच्यात चर्चा झालीच नव्हती.

म्हणून घरूनच तुकड्या पाडा. १८ जणांच्या चार: दोन तुकड्या चौघांच्या, दोन पाच जणांच्या. नवरा-बायको एकाच तुकडीत. प्रत्येक तुकडीत फोनवर इंग्रजीत धडपणे बोलू शकेल असा एक जण, आणि सामान उचलू शकेल असा एक जण. एका तुकडीत एकापेक्षा जास्त व्हीलचेअर नको. मैत्री, भिशी, गल्ली यांवरून तुकड्या पाडू नका; तसं केलं की चारही इंग्रजी बोलणारे एकाच तुकडीत जाऊन बसतात. एजंटला विचारा की तिकिटांचा पीएनआर याच तुकड्यांप्रमाणे वेगळा करता येईल का. १० किंवा जास्त माणसांचं तिकीट बहुधा ग्रुप भाड्याने निघतं आणि त्याच्या अटी वेगळ्या असतात, त्यामुळे हे आत्ताच विचारायला हवं. विमानतळावर पोचल्यावर एजंट फोन उचलत नाही, त्याच्याकडे तेव्हा रात्र असते.

तुकडी म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहणारी गोष्ट हवी. सॉल्ट लेकमधल्या हॉटेलचा पत्ता आणि फोन, बस कंपनीचा नंबर, विम्याची कागदं, थोडे डॉलर, चालणारं एक क्रेडिट कार्ड आणि अमेरिकेत चालेल असं एक सिम किंवा रोमिंग प्रत्येक तुकडीकडे असलं पाहिजे. सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत घालून ती टूर लीडरच्या गळ्यात अडकवायची जुनी पद्धत अजून दिसते. ती बंद करा. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. काही अडचण आली तर चारही तुकड्यांनी एकाच रांगेत उभं राहू नये. एका तुकडीचा नायक काउंटरच्या रांगेत, दुसरा कंपनीच्या फोन लाइनवर, तिसरा अ‍ॅपमध्ये, चौथा गेटवरच्या कर्मचाऱ्याकडे. ज्याला जे मिळेल ते त्याने आपल्या तुकडीपुरतं घ्यायचं, विचारायला थांबायचं नाही. हा करार कोल्हापुरात, चहा घेताना, सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या. रात्री ११ वाजता गेटवर तो होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रवासापुरता वेगळा ग्रुप काढा आणि त्यात फक्त चार नायक लिहू शकतील अशी सेटिंग ठेवा. नाहीतर गेट बदलल्याचा मेसेज सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो.

आता शिकागोच्या २ तास १० मिनिटांकडे येऊ. बुकिंगच्या संगणकाला हा वेळ चालतो, म्हणून तर त्याने तिकीट दिलं. तुमच्या गटाला तो पुरणार नाही. अमेरिकेत ज्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं आणि साधारणपणे तिथेच सामानही ताब्यात घ्यावं लागतं, मग बॅगेवरचा टॅग थेट सॉल्ट लेकचा का असेना. शिकागोला म्हणजे ओहेअरला परदेशातून आलेली विमानं टर्मिनल ५ ला लागतात. तिथे इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरून १८ जणांच्या बॅगा, कस्टम्स, बाहेर पडताच त्या बॅगा पुन्हा सोपवायच्या, मग विमानतळाच्या अंतर्गत रेल्वेने देशांतर्गत टर्मिनलला जायचं, तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि मग गेट. दुपारी युरोपातून चार-पाच मोठी विमानं एकापाठोपाठ उतरली असली तर नुसत्या इमिग्रेशनलाच दीड तास जाऊ शकतो. त्यात व्हीलचेअरवाल्या तिघी वेगळ्या मार्गाने येणार.

माझा सल्ला स्पष्ट आहे: त्या रात्री शिकागोलाच राहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने पुढे जा. आंतरराष्ट्रीय तिकिटावर मधला मुक्काम २४ तासांच्या आत असला तर तो सर्वसाधारणपणे नुसतं कनेक्शन धरला जातो, स्टॉपओव्हर नाही. त्यामुळे भाड्यात बऱ्याचदा फार फरक पडत नाही. तिकिटं निघाली असली तरी बदलाचा खर्च एजंटला विचारून घ्या. दुसरं असं की सामान तिथे घ्यायचंच आहे, तर ते पट्ट्यावर परत टाकण्याऐवजी हॉटेलवर न्या. रात्रीचे कपडे, औषधं सगळं हाताशी राहतं. बॅगा पुन्हा सोपवण्याच्या काउंटरवर त्या चुकून देऊन टाकू नका, एवढं मात्र सगळ्यांना बजावून ठेवा. आणि तिसरं, उन्हाळ्यात शिकागो परिसरात गडगडाटी वादळं होतात ती जास्त करून दुपारनंतर. संध्याकाळची विमानं रखडतात, दिवसभराचा उशीर त्यांच्यावर साचतो. सकाळचं पहिलं विमान बरेचदा आदल्या रात्रीच येऊन उभं असतं.

मुक्काम शक्यच नसेल तर निदान ४ तासांचं अंतर मिळणारं पुढचं विमान घ्या. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वैतागून शेवटचा टप्पा सोडून दुसऱ्या मार्गाने गेलात, तर कंपनी तुम्हाला गैरहजर धरते आणि त्या तिकिटावरचे पुढचे सगळे प्रवास, परतीसकट, रद्द होऊ शकतात. शिकागोपासून सॉल्ट लेक रस्त्याने सुमारे १,४०० मैल आहे, म्हणजे बस करून जाऊ ही कल्पना तशीही बाद. पण नव्या तिकिटावर वाटेतल्या डेन्व्हरपर्यंत पोचलेल्या तुकडीला रस्त्याचा मोह होऊ शकतो. आधी कंपनीकडून तसं तिकिटावर नोंदवून घ्यायचं, मग निघायचं.

फ्रँकफर्टबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण माझ्या मते तिथला धोका लोकांना दिसत नाही. तुमच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्यामुळे विमान बदलण्यापुरतं तिथे थांबायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागणार नाही. पण शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा, नाही; म्हणजे विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागातून बाहेर पडता येत नाही. शिकागोचं विमान चुकलं आणि कंपनीने हॉटेलचं व्हाउचर हातात ठेवलं, तरी त्या हॉटेलपर्यंत तुम्ही जाऊ शकत नाही. रात्र टर्मिनलमध्येच काढावी लागते. दुसरा सापळा नव्या तिकिटाचा. काउंटरवरचा माणूस चांगल्या मनाने फ्रँकफर्ट–म्युनिक–शिकागो असा मार्ग काढून देईल. फ्रँकफर्ट ते म्युनिक हे विमान शेंगेनच्या आतलं, ते पकडायला जर्मनीत प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी पूर्ण व्हिसा लागतो. म्हणून नव्या मार्गात युरोपातला दुसरा शेंगेन विमानतळ दिसला की लगेच सांगायचं: आमच्याकडे शेंगेन व्हिसा नाही, थेट अमेरिकेला जाणारं विमान द्या. एवढं एक इंग्रजी वाक्य चारही नायकांना पाठ हवं. एक पातळ ब्लँकेट किंवा शाल, टूथब्रश, एक जोडी कपडे आणि दोन दिवसांची औषधं प्रत्येकाच्या हातातल्या बॅगेत असली की टर्मिनलमधली रात्रही निभते.

तिथे सुरक्षा तपासणी पुन्हा होते. तूप, तेल सुटलेलं लोणचं, ओली चटणी हे सगळं द्रवपदार्थाच्या नियमात धरलं जाऊ शकतं. मुंबईत सुटलेली बरणी फ्रँकफर्टला सुटेलच असं नाही. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांच्या गेटांवर कधी कधी आणखी एक कागदपत्रांची तपासणी असते, त्यामुळे बोर्डिंगची वेळ घड्याळात बघून पाच मिनिटं आधी गेटवर जाण्यात अर्थ नाही.

व्हीलचेअरविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण गट तिथेच तुटतो आणि मग घबराट होते. व्हीलचेअर विमानतळाची आणि ढकलणारा माणूसही विमानतळाचाच. तो त्यांच्या सोयीच्या लिफ्टने, त्यांच्या वाहनाने, त्यांच्या वेळेने नेतो. सोबत बहुधा एकालाच येऊ देतात, कधी तेही नाही. आई डोळ्यांसमोरून दिसेनाशी झाली की मुलगा इकडे कासावीस, आई तिकडे. प्रत्यक्षात ती अर्ध्या तासाने गेटवर तुमच्या आधी पोचलेली असते, किंवा एका कोपऱ्यात इतर चार खुर्च्यांबरोबर वाट बघत बसवलेली असते. त्यामुळे व्हीलचेअरवाल्या प्रत्येकीच्या गळ्यातल्या छोट्या पिशवीत तिचा स्वतःचा पासपोर्ट, बोर्डिंग पास, चष्मा, दुपारच्या गोळ्या, पाण्याची बाटली, आणि मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेला एक कागद हवा: नाव, पुढचं विमान, तुकडीच्या नायकाचा नंबर. तिघींना आधीच सांगा की आपण वेगळ्या वाटेने जाणार आहोत, गेटवर भेटू. एवढं सांगून ठेवलं तरी निम्मी भीती जाते. व्हीलचेअरची नोंद तिकिटावर प्रत्येक टप्प्यासाठी आहे ना, हे बघा. नवीन तिकीट निघालं की ही नोंद गळू शकते. अमेरिकेत ढकलणाऱ्याला काही डॉलर देण्याची रीत आहे, सुट्टे ठेवा. आणि ज्यांना चालता येतं पण ‘रांग चुकते म्हणून’ व्हीलचेअर घ्यावीशी वाटते, त्यांनी कृपया घेऊ नका. खरी गरज असलेल्यांना त्यामुळे ताटकळावं लागतं.

आता सोसण्याबद्दल. कोल्हापुरातून निघाल्यापासून सॉल्ट लेकच्या हॉटेलात पाठ टेकेपर्यंत ४० तासांच्या पुढे जातील, सगळं सुरळीत झालं तरी. मुंबईची ही विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे पहिला घोळ तारखेचा. १२ जूनला रात्री १ वाजता विमान म्हणजे ११ जूनच्या रात्री विमानतळावर. हे वाचताना हसू येईल, पण एक दिवस उशिरा आलेली माणसं मी टर्मिनल २ च्या दारात पाहिलेली आहेत. खंडाळ्याच्या घाटात बंद पडलेला एक ट्रक तुमचे ३ तास खाऊ शकतो, तेव्हा बस पहाटेच सोडा. मुंबईत एखाद्या नातेवाइकाकडे किंवा साध्या हॉटेलात दुपारी ३–४ तास आडवं होता आलं तर त्यासारखं काही नाही.

पहिल्या विमानात बसल्या बसल्या झोपायचं. जेवणाची ट्रॉली यायला वेळ लागतो. तिची वाट बघत जागणं हा आपल्या मंडळींचा आवडता छंद. विमानतळावर खाऊन घ्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधा. फ्रँकफर्ट–शिकागो टप्प्यात सूर्य जवळपास सोबतच चालतो, खिडकीबाहेर दिवस संपतच नाही. तिथे सुरुवातीला २–३ तास झोपलात तर बास. शेवटी झोपलात तर शिकागोच्या रात्री टक्क जागे राहाल. जूनमध्ये शिकागोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, सॉल्ट लेकचं साडेअकरा.

पाण्याचं एक बोलतो, विशेषतः बायकांसाठी. सारखं उठावं लागू नये म्हणून पाणीच न पिणं ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. विमानातली हवा कोरडी असते, केबिनमधला दाब सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तसा. त्यात पाणी तोडून ९ तास पाय लोंबकळत बसणं म्हणजे पायांतल्या शिरांमध्ये गुठळी व्हायला आमंत्रण. ४ तासांच्या वरच्या कोणत्याही प्रवासात हा धोका वाढतो. म्हणून प्रोस्टेटचा त्रास असलेले आणि सारखं उठावं लागणारे यांना कडेची सीट द्या. जोडप्याला शेजारी-शेजारी बसवण्यापेक्षा दोघांना समोरासमोरच्या दोन कडेच्या सीटा देणं जास्त शहाणपणाचं. दीड-दोन तासांनी उठून मागच्या पँट्रीपर्यंत फेरी. व्हेरिकोज व्हेन्स, पूर्वी गुठळी झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं असं कुणी असेल तर दाब देणारे मोजे घालायचे की औषध घ्यायचं हे डॉक्टरलाच विचारा, गटातल्या अनुभवी काकांना नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी लेखी वेळापत्रक घेऊनच निघायचं, कारण पश्चिमेकडे जाताना तो एक दिवस जवळजवळ ३५ तासांचा होतो. इन्सुलिन कधीही चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, तिथे ते गोठण्याची भीती असते.

जेवणात एक फसगत नेहमीची. तिकिटावर ‘हिंदू मील’ निवडलं की शाकाहारी येईल असं गृहीत धरतात. हिंदू मील बहुधा मांसाहारी असतं, फक्त गोमांस नसतं. शाकाहारी हवं तर ‘एशियन व्हेजिटेरियन’, कांदा-लसूण नको तर ‘जैन मील’. तेही निघण्याच्या एक-दोन दिवस आधी नोंदवलेलं लागतं. विमान बदललं की ही नोंद बरेचदा नव्या विमानात पोचत नाही, आणि मग एकादशीवाल्यांसमोर चिकन येतं. त्यामुळे दशम्या, धपाटे, भडंग, कोरडी शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याच्या वड्या हातातल्या बॅगेत ठेवा, प्रत्येक तुकडीचं वेगळं. अमेरिकेत उतरताना उरलेले खाद्यपदार्थ कस्टम्सला सांगायचे. शिजवलेल्या कोरड्या शाकाहारी पदार्थांचा सहसा प्रश्न येत नाही, पण ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ बॅगेत नकोत. लपवलं आणि सापडलं तर दंड. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा, विमानाच्या नियमांत खोबरं पेट घेऊ शकणारा माल मानतात. पुढे कधी दुबईमार्गे जाल तर खसखस लावलेले अनारसेही नकोत, अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत येते आणि अचानक मुक्काम पडला तर बॅग त्यांच्या कस्टम्ससमोर उघडते. अचानक मुक्काम पडतात बरं का. एप्रिल २०२४ मध्ये दुबईत पाऊस कोसळला आणि तिथला विमानतळ काही दिवस विस्कळीत होता. जून २०२५ मध्ये कतारचं आकाश काही तास बंद झालं आणि त्याचे पडसाद पुढे उमटत राहिले. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने तर जवळपास आठवडाभर युरोपचं आकाश बंद पाडलं होतं.

बॅगांचं झटपट सांगतो. सगळ्यांना एकाच रंगाची रिबन बांधू नका. तुकडीगणिक रंग वेगळा. मुंबईच्या काउंटरवर टॅग लावताना त्यावरची शेवटची तीन अक्षरं तुमच्या शेवटच्या विमानतळाची आहेत का ते वाचा आणि टॅगच्या पावतीचा फोटो काढा. शिकागोला मुक्काम ठरला तर टॅग शिकागोपर्यंतचाच करून मागा. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंतची; काही कंपन्यांनी आता ती विमानात वापरायलाच मनाई केली आहे, म्हणून फोन गेटवरच भरून घ्या. फ्रँकफर्टच्या ड्यूटी फ्रीमधून बाटली घेतली असेल तर शिकागोला बॅगा हातात आल्यावर ती मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर पुढच्या सुरक्षा तपासणीत अडकू शकते. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. तुटकी बॅग ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेली २१ दिवसांत लेखी कळवावी लागते.

पैशांच्या बाबतीत एक भ्रम दूर करतो. ‘युरोपातून जातोय, उशीर झाला तर ६०० युरो मिळतात’ असं गटात कुणीतरी सांगेलच. तो कायदा २००४ चा आहे आणि चांगला आहे, पण एकाच तिकिटावर निघण्याचं आणि पोचण्याचं दोन्ही ठिकाण युरोपबाहेर असेल आणि युरोपात फक्त विमान बदललं जात असेल तर तो लागू होत नाही, असं युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तुमचा प्रवास नेमका तसाच आहे. अमेरिकेत हवामानामुळे विमान रद्द झालं तर हॉटेल द्यायला कंपनी बांधील नसते. तुमचा आधार म्हणजे प्रवास विमा आणि माँट्रियल करार (आंतरराष्ट्रीय विमान प्रवासात उशीर आणि सामानाबाबत कंपनीची जबाबदारी ठरवणारा), आणि दोन्हीकडे लागतात ती कागदं: उशिराचं किंवा रद्द झाल्याचं कंपनीचं लेखी पत्र, बोर्डिंग पासचे तुकडे आणि बिलं. जेवणाचं १८ जणांचं एकच बिल करू नका. विमा प्रत्येकाचा वेगळा, दावाही वेगळा. एका बिलावर १८ दावे लावताना नाकी नऊ येतात. तुकडीचंही नको, कुटुंबागणिक बिल मागा.

इमिग्रेशनला एका घरातली माणसं एकत्र जाऊ शकतात, मित्रमंडळी नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्याकडे हॉटेलचा पत्ता आणि परतीचं तिकीट छापील असू द्या. “टूरिस्ट, यलोस्टोन, अमुक दिवस” एवढं पुरतं. विचारलं त्यापेक्षा जास्त सांगायला जाऊ नका, भाच्याच्या नोकरीची माहिती कुणी मागितलेली नसते.

शेवटी जमिनीवरची व्यवस्था, कारण विमान उशिरा आलं की पहिला तडाखा तिला बसतो. पहिल्या रात्री पोचला नाहीत आणि कळवलं नाहीत तर हॉटेल गैरहजर धरून पुढच्या रात्रीही सोडून देऊ शकतं. फोन करायचा, आणि फोन कुणी केला ते चार नायकांच्या ग्रुपवर लिहायचं. अमेरिकेत प्रवासी बसच्या चालकाला सलग विश्रांतीनंतर १० तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि एकूण १५ तास कामावर राहिल्यानंतर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. तो सकाळपासून कामावर असेल आणि तुम्ही मध्यरात्री उतरलात, तर त्याचे तास संपलेले असू शकतात. त्याला जादा पैसे देऊन भागत नाही. तुकड्या वेगवेगळ्या वेळी उतरणार असतील तर मोठी बस शेवटच्या तुकडीसाठी ठेवा, बाकीच्यांनी टॅक्सीने हॉटेल गाठावं.

तुमच्या कार्यक्रमात उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी यलोस्टोनकडे कूच लिहिलंय. तो दिवस बदला. सॉल्ट लेक सुमारे ४,२०० फुटांवर आहे, यलोस्टोनमधला ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा ७,३०० फुटांच्या वर, आणि उद्यानाच्या पश्चिम दारावरच्या वेस्ट यलोस्टोन गावापर्यंतचाच रस्ता ५ तासांचा. हृदयविकार आणि दम्याची माणसं ४० तास जागून लगेच त्या उंचीवर नेऊ नयेत. एक पूर्ण दिवस सॉल्ट लेकमध्ये ठेवा, त्यात तुटलेल्या तुकड्याही येऊन मिळतील आणि मागे राहिलेल्या बॅगाही. बस कंपनीला हा बदल आताच कळवा. जूनमध्ये तिकडे गाड्या आणि चालक दोन्ही लवकर संपतात.